शिरूर, दौंड आणि डावा पाय

अम्मा गेल्यापासून मला घरात बसवत नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की बाहेर पडावंसं वाटतं, बाहेर पडलो की आणखी पुढं जावंसं वाटतं. शिरूरच्या आमच्या गल्लीत मी रोज संध्याकाळी इतक्या फेऱ्या मारायला लागलो, की कोपऱ्यावरच्या टेलरनं एकदा मशीन थांबवून विचारलं, "इक्बालभाई, काय हरवलंय का?" नसीम, माझी बायको, तिनं तर हात टेकले. "पाँव को भिंगरी लगी क्या तुमारे? कहाँ जाना है, एक बार जाके आव," म्हणाली.

मग गेलो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत तीन रविवार पायी हिंडलो. लोक हिमालयात जातात, दुबईला जातात आणि येऊन लिहितात. मी न्हावरे, यवत आणि केंदूर इथं जाऊन आलो. तिथं प्रवास म्हणून कुणी जात नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

निमित्त असं झालं. मी एमायडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, वय चौपन्न. कंपनीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. गरजूंना कृत्रिम पाय बसवून देणारी एक संस्था, तिच्या मदतीसाठी सह्याद्रीच्या कडेनं शंभर किलोमीटर चालायचं, दोन दिवसांत. चौघांची टीम. लोक टीमच्या नावानं संस्थेला देणगी देणार. मी कागद वाचला आणि तिथल्या तिथं नाव दिलं.

कारण अम्माचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला होता. साखरेनं. चपलेत एक खडा अडकला होता आणि तो दिवसभर तिला कळलाच नाही. संध्याकाळी जखम दिसली, महिनाभर चिघळली, आणि शेवटी पाय गेला. मग अशाच एका संस्थेनं तिला नवा पाय दिला. त्या पायावर अम्मा सहा वर्षं चालली. भाजीबाजारात उभी राहून मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालायची, ती त्या पायावर. तेव्हा मी चाललो नसतो तर कोण चाललं असतं?

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती मी टीममध्ये कुणाला सांगितली नव्हती. साखर मलाही आहे. आठ वर्षं झाली. गोळ्या घेतो. म्हणजे आठवण झाली की घेतो. आणि वर्षभरापासून डाव्या तळव्याचं काहीतरी बिनसलंय. सकाळी फरशीवर पाय ठेवला की फरशी आणि पाय यांच्यामध्ये एखादी घडी घातलेली चादर असावी असं वाटतं. आयोजकांची अट होती की पन्नाशीच्या वरच्यांनी डॉक्टरांकडून तपासून सर्टिफिकेट आणायचं, नाहीतर नाव रद्द. मी रोज उद्या जाणार होतो. डॉक्टरांनी नाही म्हटलं असतं तर? मग घरात बसून मी काय केलं असतं, अम्माच्या रिकाम्या खाटेकडं बघत?

शिरूर ते न्हावरे

टीमची कॅप्टन ज्योती. आमच्याच कंपनीत स्टोअरला आहे, तिशीची, न्हावऱ्याची. बोलायला फटकळ, चालायला चपळ. अम्माच्या पायाचं मी तिला सांगितलं होतं. बाकीचे दोघं कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातले. ते तिकडच्या टेकड्यांवर सराव करत होते, त्यामुळं या हकिकतीत ते येणार नाहीत. ज्योतीनं ठरवलं, पहिला सराव शिरूर ते तिचं घर. वीस-बावीस किलोमीटर.

सकाळी सहाला एसटी स्टँडवरून निघालो. थंडी होती. मी पहिल्या पाच मिनिटांतच ज्योतीच्या पन्नास पावलं पुढं.

"भाई, एष्टी पकडायचीय का आपल्याला?" ती मागून ओरडली.

खरा ताप पुढं सुरू झाला. आमच्या भागात रस्त्यानं चालणारा माणूस म्हणजे त्याची गाडी बंद पडलीय, नाहीतर तो घरातून भांडून निघालाय. तिसरं कारण लोकांना माहीतच नाही. त्यात बरोबर बाईमाणूस. पहिल्या तासात नऊ मोटरसायकली थांबल्या. "बसा, सोडतो." नको म्हटलं की, "अहो बसा की, त्यात काय एवढं!" पुन्हा नको म्हटलं की माणूस गाडी बंद करून पाय टेकवून उभा राहायचा आणि आपल्याला मदत करणं हे त्याचं कर्तव्यच आहे अशा नजरेनं बघायचा. एक मामा तर चिडलेच.

"आमची गाडी जुनी हाय म्हून बसत न्हाई व्हय?"

"तसं नाही हो मामा, आम्ही संस्थेसाठी चालतोय."

"मग संस्थेला गाडी न्हाई का?"

ज्योती हसून हसून रस्त्याच्या कडेला बसली. मला मात्र थांबणं सोसेना. मी जागच्या जागी पाय हलवत होतो. मामांनी ज्योतीला हळूच विचारलं, "ह्यास्नी बरं नाही का काय?" आणि एकदाचे गेले.

न्हावऱ्याला पोचलो तेव्हा ज्योतीच्या आईनं शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळकटी, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली, वर कच्चं तेल, शेजारी बाजरीची भाकरी. आमच्याकडं हुलगा कधी शिजत नाही. आमच्याकडं थंडीत गहू-मटणाचा खिचडा होतो, त्याला दोन दिवस आधीपासून तयारी. हे अर्ध्या तासात होतं आणि नाकातून पाणी काढतं. मी तीन वेळा वाढून घेतलं, आणि तेही उभ्यानं, दाराच्या चौकटीला टेकून.

"बसा की हो," ज्योतीची आई म्हणाली. "गाडी सुटतीया व्हय?"

बसलो. पण मांडी घातली की गुडघा आपोआप हलायला लागायचा.

ज्योतीनं अंगणात बूट काढले. टाचेवर बोराएवढे दोन फोड. हळदीचं तेल लावताना आई गं, आई गं करत होती. मी माझे बूट काढलेसुद्धा नाहीत.

"तुम्हाला काहीच झालं नाही भाई?"

"काही नाही. आमची हाडं जुन्या काळातली," मी म्हणालो. फुशारकी मारायला काय जातं! आणि खरंच काही दुखत नव्हतं. तिशीची पोरगी लंगडत होती आणि चौपन्न वर्षांचा मी ठणठणीत. परतीच्या एसटीत मी दोन सीटांच्या मधल्या दांडीला धरून उभाच राहिलो.

पारगाव, चौफुला, यवत

दुसऱ्या रविवारी न्हावऱ्याहून निघून भीमा ओलांडून यवतला जायचं होतं, पस्तीसेक किलोमीटर. उजाडताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस म्हटलं की आता बिबट्या. दर गावात एक पिंजरा आणि दर माणसाकडं एक गोष्ट. एक आजोबा दुधाची किटली घेऊन चालले होते. कमरेला मोबाईल, त्यावर मोठ्यानं भजन लावलेलं.

"आवाज ठिवा काहीतरी," ते आम्हाला म्हणाले. "त्याला माणसाचा आवाज आला की त्यो वाट सोडतो. गप जाणाऱ्याला धोका."

मग ज्योतीनं तिच्या फोनवर लग्नाच्या वरातीची गाणी लावली आणि आम्ही बँडबाज्यासह उसातून निघालो. मला हसू येत होतं, पण पाचट हललं की दोघंही थांबायचो. बघितलं तर टिटवी नाहीतर कुत्रं.

पारगावच्या पुलावर भीमा दिसली. पुण्याचं सगळं पाणी इथनंच खाली जातं, हे सांगावं लागत नाही, वासावरून कळतं. पाण्यावर जलपर्णीची हिरवी गोधडी. पण पलीकडं दौंड तालुक्यात शिरलं की नजर थंड होते. मळे, मळे आणि मळे. आमच्या शिरूरच्या बऱ्याच गावांत पाण्यासाठी आभाळाकडं बघायचं, आणि इथं बारमाही पाट. हेवा वाटला, लपवत नाही.

चौफुल्याच्या अलीकडं गुऱ्हाळं सुरू झाली. वास आधी येतो. उकळत्या रसाचा तो जाड, गोड, किंचित जळकट वास लागला आणि ज्योतीनं रस्ता सोडलाच. भली मोठी कढई, तिच्याखाली चुलवण धडधडतंय, आणि उत्तर प्रदेशातला एक उघडाबंब माणूस लांब दांड्यानं रस ढवळतोय. कुणी विचारलं नाही, कोण, कुठले. त्यानं उसाच्या कांडक्यावर गरम गुळाची तार गुंडाळून हातात दिली.

"गरम है चाचा, आराम से."

साखर असलेल्या माणसानं काय करायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं. मी एक खाल्लं. मग आणखी एक खाल्लं. असा गूळ, अजून ओला, दाताला चिकटणारा, मी लहानपणानंतर खाल्ला नव्हता. ज्योती म्हणाली, "भाई, हळू." मी तिला पाठ करून तिसरं मागितलं. स्वतःचाच राग येत होता आणि तोंड थांबत नव्हतं.

तिथंच ती भानगड झाली. मी सवयीप्रमाणं एका जागी न राहता चुलवणाभोवती फिरत होतो. एका दगडावर डावा पाय टेकवून त्या माणसाशी गप्पा मारत होतो. काहीतरी जळल्याचा वास आला. मला वाटलं चिपाड असेल.

"ए चाचा! पाँव!" तो माणूस ओरडला आणि त्यानं मला खांद्याला धरून मागं ओढलं.

दगड चुलवणाच्या तोंडाचा होता. माझ्या बुटाचा तळ वितळून त्याची काळी चिकटी दगडावर राहिली होती.

"भाजलं का?" ज्योती धावत आली. "काढा बूट, काढा."

"छे! काही भाजलं नाही. बूट भारीतले आहेत," मी म्हणालो आणि चालायला लागलो. मनात मात्र तेव्हा पहिल्यांदा चर्र झालं. दगड तापलेला होता, आणि मी त्यावर पाय ठेवून चांगलं पाच मिनिटं बोलत होतो. पण भाजलं तर नव्हतं ना? मग झालं. असं म्हणून मी विषय माझ्यापुरता मिटवला. घरी गेल्यावर तळवा बघितला, नुसता लाल होता. दोन दिवसांत तेही गेलं.

यवतला हायवेच्या कडेला एका हॉटेलात मिसळ मागवली. गाड्यांचा आवाज, सोलापूरकडं जाणाऱ्या ट्रकांची धूळ, आणि त्यात ज्योतीचा प्रश्न.

"भाई, सर्टिफिकेट? येत्या शुक्रवारपर्यंत अपलोड करायचंय. तुमचं एकट्याचं राहिलंय."

"डॉक्टर गावाला गेलेत."

"दुसरा डॉक्टर नाही का शिरूरला?"

"घरचे डॉक्टर बरे असतात. माहिती असते त्यांना." खोटं बोलताना मी पावाचे इतके तुकडे केले की वेटर दुसरा पाव घेऊन आला. ज्योती माझ्या हाताकडं बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ती शुक्रवारची आठवण रोज एका मेसेजनं पाठवायला लागली. मी अंगठा पाठवायचो. शेवटी तिनं आयोजकांना फोन करून माझ्यासाठी सोमवारपर्यंत मुदत वाढवून घेतली.

केंदूर

तिसरा रविवार. शिक्रापूरला एसटीनं उतरून करंदीवरून केंदूर, तिथून पाबळ आणि शक्य झालं तर त्याच्या पुढं. मुद्दाम चढउतार निवडला होता. हा आमच्या तालुक्याचा कोरडा भाग. माळ, मध्येच कांद्याचे वाफे, बाजरीची रिकामी रानं, आणि कडेला वेडी बाभूळ. नऊच्या सुमारास मी रस्ता सोडून माळावरून आडवा घुसलो. ज्योती म्हणाली, रस्त्यानं जाऊ. मी म्हणालो, वळसा कशाला? मला वळसा सोसत नाही हल्ली. बाभळीच्या त्या पट्ट्यातून मी वाट काढली, आणि ती शिव्या देत मागून आली.

बारा वाजेपर्यंत मी पुढं आणि ती मागं. तिचे जुने फोड पुन्हा फुटले होते. केंदूरच्या शिवारात एका घरासमोर लिंबाखाली तीन मेंढ्या बांधलेल्या दिसल्या, आणि बाजेवर एक म्हातारा. पांढरी मिशी, डोक्याला फिकट झालेला लाल पटका. आम्ही पाणी मागितलं. घरातून त्याच्या सुनेनं तांब्या आणला आणि न विचारता चुलीवर चहा ठेवला.

म्हाताऱ्याचं नाव धुळाआप्पा. जन्मभर मेंढरं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात, पाऊस लागायच्या आत परत. पोरांनी आता मेंढरं विकून कांदा धरलाय. ह्या तीन मेंढ्या आप्पांच्या हट्टाच्या.

"किती चालायचंय?" त्यांनी विचारलं.

"शंभर किलोमीटर. दोन दिवसांत."

आप्पांनी मनात काहीतरी जुळवलं. "मेंढरं घिऊन तेवढ्याला आमाला आठ-धा दिस लागायचं. एवढी घाई कशापाई?"

ज्योतीनं त्यांना समजावून सांगितलं, संस्था, कृत्रिम पाय, देणगी, सगळं. आप्पांना ते पटलं. मान हलवली.

"म्हंजी ज्यास्नी पाय न्हाईत, त्यांच्यासाटी तुमी चालताय. ब्येस हाय. आन् सवताचं पाय कवा बघितलं?"

मी हसलो. त्यांना हसू आलं नव्हतं.

"मुक्काम पडला की आमचं पयलं काम त्येच," ते म्हणाले. "भाकरी मागनं. आदी एकेक मेंढरू धरायचं आन् खूर बघायचा. काटा, खडा, जखम. शंभर मेंढरं तर शंभर. एकबी सोडायचं न्हाई."

त्यांनी ज्योतीला बाजेवर बसवलं, तिची टाच उजेडाकडं फिरवून बघितली आणि सोडून दिली.

"हिला काय बी झालेलं न्हाई. दुकतंय नव्हं? मग बरं हाय. आता तुमचा."

"माझं काही दुखत नाही आप्पा," मी म्हणालो. मी अजून उभाच होतो.

"म्हून तर म्हंतोय. लंगडतंय त्या मेंढराची काळजी नसती. त्ये आपल्याला सांगतंय, हितं हाय म्हून. ज्याच्या खुरात काटा हाय आन् तरी बी समद्यांच्या म्होरं पळतंय, त्ये जातं. कुणाला पत्त्या लागत न्हाई. एक दिस माशा बसलेल्या दिसत्यात, तवा कळतं."

आप्पा खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी माझ्या डाव्या पायाकडं हात केला. मी मागं सरकलो. ऐंशीच्या घरातला माणूस माझ्या पायाला हात लावणार, हे मला कसंनुसं वाटलं. आपण वडीलधाऱ्यांच्या पायाला हात लावायचा, त्यांनी आपल्या नव्हे.

"आप्पा, नका हो. माझ्या पायाला हात नका लावू."

"गप बस रं. पाय म्हंजी पाय. आण हिकडं."

इतका वेळ 'तुम्ही' म्हणत होते, ते एकदम 'रं'वर आले. मला बाजेवर ढकललं, माझ्याकडं पाठ केली आणि पोटरी बगलेत आवळली, मेंढी धरतात तशी. बूट ओढला. निघेना. त्यांनी पिळून ओढला तेव्हा काहीतरी कट्‌कन मोडलं. मला मोडल्याचा आवाज ऐकू आला. जाणवलं मात्र काहीच नाही.

मोजा तळव्याला चिकटला होता. पांढऱ्या मोज्याचा अर्धा भाग तपकिरी, मधे ओला लाल. ज्योतीच्या तोंडून "बाई गं" एवढंच निघालं. आप्पांनी कमरेचा चिमटा काढला, मोजा पाण्यानं भिजवून सोडवला आणि एका झटक्यात काटा बाहेर ओढला. बाभळीचा, करंगळीएवढा. त्याचं मोडलेलं बूड बुटाच्या तळात रुतून राहिलं होतं. गुऱ्हाळात वितळून पातळ झालेल्या जागेतूनच तो आत घुसला होता.

"कवा घुसला?"

मी घड्याळ बघितलं. नऊ वाजता माळावर. आता सव्वाबारा. सव्वातीन तास तो काटा माझ्या पायात होता, त्यावर सगळं वजन टाकून मी दहा-बारा किलोमीटर चाललो होतो, आणि ज्योतीला मागून हाका मारत होतो, चल गं, काय गोगलगायीसारखी येतेस म्हणून.

"भाई," ज्योती म्हणाली. "साखर आहे तुम्हाला?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. आप्पांच्या हातात अजून माझा पाय होता. अम्मा असंच म्हणायची. जखम चिघळत होती त्या महिन्यात मी रोज कामावरून आलो की विचारायचो, "अम्मा, दुखता क्या?" आणि ती म्हणायची, "नहीं रे, कुछ भी नहीं दुखता." आणि आम्ही सगळे खूश व्हायचो. मी सुद्धा. मेंटेनन्सचा माणूस मी. जन्मभर मशीनचा आवाज बंद झाला की आधी धावत जायला शिकलेला, आणि आईच्या पायाचा आवाज बंद झाला तेव्हा निवांत झोपलो. आप्पांच्या अंगणात हे मला पहिल्यांदा कळलं. एवढा राग आला स्वतःचा, की बाजेच्या दोऱ्या मुठीत धरून बसलो.

"आहे," मी म्हणालो. "आठ वर्षं."

ज्योती भडकली. मी तिला असं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. "फॉर्मवर नाही लिहिलंत! आठ वर्षं! आणि तिथं गूळ खात होतात माझ्यासमोर! घाटात मधेच पडला असतात तर मी नसीमभाभीला काय तोंड दाखवलं असतं?" ओरडता ओरडता तिला रडू फुटलं. "तुमच्या अम्मासाठी चालायचं म्हणून कॅप्टन झाले मी. नाहीतर मला काय पडलंय?"

आप्पांच्या सुनेनं चहा आणून ठेवला. आप्पा जखमेवर हळद दाबत राहिले, आणि मग एक फडकं घट्ट बांधून म्हणाले, "डागदरला दाखव. आजच्या आज. ह्ये आमचं मेंढराचं औशीद हाय, माणसाचं न्हवं."

शेजाऱ्याचा टेम्पो कांदा घेऊन शिरूरच्या मार्केट यार्डात निघाला होता. त्यानं आम्हाला पुढं बसवलं. दीड तास मी गोण्यांच्या वासात एका जागी बसलो होतो. ज्योती खिडकीकडं तोंड करून होती. स्टँडवर उतरताना एवढंच म्हणाली, "मी तुमचं नाव काढणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा. उद्यापर्यंत वेळ आहे."

शिरूर, सोमवार

रविवारी दवाखाना बंद होता. रात्रभर मी हिशेब करत होतो, की जखम छोटी आहे, चार दिवसांत भरेल, चांगले बूट घेऊ, जाड मोजे घेऊ, दर तासाला पाय बघू. नसीमला फडकं दिसलं, तेव्हा सगळं सांगावं लागलं. ती ओरडली नाही. सकाळी ओढणी घेऊन दारात उभी राहिली. "मैं भी आती," म्हणाली.

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. मी लगेच सर्टिफिकेटचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"जखम भरेल ना डॉक्टर? मग सही करा. अजून तीन आठवडे आहेत."

त्यांनी कागद वाचला. ड्रॉवरमधून पेनाएवढी एक काडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर दोरा, बोटाच्या पेराएवढा. "झोपा," म्हणाले. "डोळे मिटा. हा दोरा मी पायाला टेकवणार. जिथं लागेल तिथं हो म्हणा."

मी आडवा झालो, डोळे घट्ट मिटले. आता हे एवढं पार पडलं की झालं. उजव्या पायाला दोरा टेकला. हो. पुन्हा टेकला. हो. बोटाला, चवड्याला, टाचेला. हो, हो, हो. एक-दोन ठिकाणी अंदाज घेत बोललो, पण बोललो. छाती हलकी झाली.

मग डावा. मी वाट बघत राहिलो. पंखा फिरत होता. बाहेर कंपाउंडर कुणाला तरी नंबर सांगत होता. रस्त्यावर एक एसटी हॉर्न देत गेली. डॉक्टर बहुतेक काहीतरी आणायला उठले असावेत. वेळ जात होता.

"करा की सुरू डॉक्टर," मी म्हणालो.

मी डोळे उघडले. डॉक्टर तिथंच होते. दोरा माझ्या डाव्या अंगठ्याला टेकवलेला होता, दाबून, अर्धा वाकलेला. नसीम पायथ्याशी उभी होती, ओढणीचं टोक दातांत धरून. दोरा प्रत्येक ठिकाणी टेकताना तिनं पाहिला होता.

मी उठून बसलो. टेबलावरचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"ज्योतीला फोन लाव," मी नसीमला म्हणालो. "सांग तिला, माझं नाव काढ म्हणावं."

तिनं नंबर लावला. पलीकडून ज्योतीचा हॅलो ऐकू आला. नसीमनं फोन माझ्या हातात दिला.

"तुमीच बोलो," म्हणाली.